उजव्या हाताची सुरी

१

रत्नमाला बोरकर वैतागली होती, आणि वैतागायला एकच कारण असतं तर तिनं ते निस्तरलं असतं.

नवरा ऑक्टोबरअखेर प्लांटमधून रिटायर होणार होता. सेक्टर दहाचं क्वार्टर सोडून रिसालीच्या स्वतःच्या घरात जायचं होतं. एकोणतीस वर्षांचा संसार खोक्यांत भरायचा होता, आणि भरायला सुरुवात कुठून करावी याचंही भान अच्युतला नव्हतं. डबे, पुस्तकं, हिवाळ्याची पांघरुणं सगळं तसंच ठेवून त्यानं सगळ्यात आधी आरसे बांधले. बाथरूममधला, बेसिनवरचा, आणि कपाटाच्या दारावरचा निघत नव्हता म्हणून त्यावर वर्तमानपत्र चिकटवलं. त्यांच्यामागोमाग स्टीलची मोठी ताटं खोक्यात गेली. महिनाभर रत्नमाला मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघून टिकली लावत होती.

"आरसे कोन बांधते आधी?" ती म्हणाली.

"काचेचं सामान हाये. फुटते," अच्युत म्हणाला.

त्यात त्याचं मनगट. ऑगस्टअखेर, पोळ्यानंतरच्या रविवारी, तो शिवनाथ नदीवर मासे धरायला गेला आणि डोहाजवळच्या काळ्या दगडावरून पाण्यात घसरला. संध्याकाळी निथळत घरी आला तो गरी नाही, पिशवी नाही, चपला नाहीत. उजवं मनगट मुरगळलं म्हणाला. डॉक्टरकडे चला म्हटलं तर नको. स्वतःच क्रेप बँडेज गुंडाळलं आणि तेव्हापासून डाव्या हातानं चमच्यानं जेवायला लागला. महिना झाला तरी तेच. रत्नमालानं बोलून बोलून तोंड दुखवून घेतलं आणि सोडून दिलं.

आणि आता मितालीनं हे नवीन काढलं होतं. पोरगी पुण्याला नोकरीत. तिनं इंटरनेटवर कुठल्याशा परदेशी साईटवर हातानं बनवलेल्या सुऱ्यांची जोडी बघितली, एक शिकारीची, एक मासोळीची, आणि पप्पांना रिटायरमेंटला हीच द्यायची म्हणून बसली.

"शिकारीची?" रत्नमाला फोनवर ओरडलीच. "शिकार बंद होऊन जमाना झाला. कायची शिकार करतीन तुये पप्पा, मच्छरांची?"

"मम्मी, सेट असतो तो. जोडीच असते. आणि पप्पा के नाप की बनवायची, हां? रेडीमेड नको."

"अन् ते बनवून कोन देईन? मीच ना?"

"और कौन है वहाँ," मिताली म्हणाली आणि तिला मीटिंग आली.

२

शेजारच्या क्वार्टरमधल्या दिपालीनं पत्ता दिला. दुर्ग ओलांडून रसमड़ा, कारखान्यांच्या मागे, जिथं ट्रकवाले स्प्रिंगच्या कमानीचे पट्टे बदलतात तिथं भैयालाल लोहार. जुन्या कमानीच्या लोखंडातून तो विळे, कोयते, सुऱ्या करतो. रत्नमाला स्कूटर घेऊन गेली. तीन वेळा रस्ता चुकली, एकदा सिमेंटच्या ट्रेलरमागे अर्धा तास अडकली आणि पोचली तेव्हा भैयालाल जेवायला बसला होता. त्यानं सावकाश जेवण संपवलं, सावकाश हात धुतला.

"किसके लिए?"

"मेरे मिस्टर के लिए. मछली काटने का, और दूसरा वो, शिकार वाला."

"हाथ लाए हो?"

"हाथ?" रत्नमालाचं डोकं तडकलं. "हाथ तो घर पे है ना उनका, उन्हीं के पास."

भैयालाल हसला नाही. त्यानं भिंतीवर खिळ्याला अडकवलेला कागदांचा जुडगा दाखवला. प्रत्येक कागदावर एकेक हात पेन्सिलीनं उतरवलेला. मोठे, आखूड, एक चार बोटांचा. कागद वाऱ्यानं हलत होते.

"कागज पे हाथ रखवाना, उल्टा, हथेली नीचे. चारों तरफ पेन्सिल घुमाना. फिर नाखून बनाना, गाँठें बनाना. छुरी बाद में बनती है बाई, मूठ पहले."

"सरप्राइज देना है उनको."

"तो सोते में ले लो. हाथ थोड़े ही जागता है."

३

दुसऱ्या दिवशी अच्युत सकाळच्या शिफ्टहून आला, जेवला आणि पंख्याखाली पालथा झोपला. एक हात उशीखाली, दुसरा पलंगावरून खाली लोंबत होता. बँडेज सुटून गादीवर पडलं होतं.

कुठला हात घ्यायचा हे रत्नमालाला बघायला लागलं नाही. अच्युतच्या उजव्या हाताचं पहिलं बोट आखूड होतं. लहानपणी सायकलच्या चेनमध्ये जाऊन वरचं पेर गेलेलं. लग्नानंतर कित्येक वर्षं ती त्या बोटावरून त्याला चिडवायची. लोंबणाऱ्या हाताचं बोट आखूड दिसलं, तिनं जमिनीवर वही सरकवली, हात अलगद वहीवर टेकवला आणि पेन्सिल फिरवली.

हात गार होता. पंख्याचा वारा लागून होतं तसं, ती मनात म्हणाली. पेन्सिल अंगठ्याकडून करंगळीकडे नेईस्तोवर कागद हाताखाली सर्द झाला आणि कडा वर वळल्या. तिनं नखं काढली. गाठी काढल्या. आखूड बोटाला नखच नव्हतं, तिथं नुसती एक रेघ मारली.

अच्युत जागा झाला नाही. फक्त हात उचलून गादीवर ठेवताना त्यानं झोपेत तिची बोटं धरली, घट्ट, आणि तिला ती एकेक करून सोडवावी लागली.

४

पंधरा दिवसांनी भैयालालचा निरोप आला, मासोळीची सुरी तयार आहे. रत्नमाला पुन्हा दुर्ग ओलांडून गेली. सुरी सुरेख होती यात वाद नव्हता. पातळ, लवचिक पातं, आणि घासून घासून असं केलेलं की छताचे पत्रे त्यात दिसावेत. मूठ शिसवाची, बोटांसाठी खाचा, अंगठ्यासाठी एक खळगा, आणि पहिल्या बोटाची खाच बाकीच्यांपेक्षा आखूड.

तिनं हातात घेतली. बसेना. अंगठा खळग्यात जाईना. तिनं फिरवून बघितली, पालथी धरून बघितली.

"ये तो गलत बना दिया तुमने!"

"काबर?" त्यानं कारण विचारलं.

"अंगूठा इधर आता है, और तुमने उधर बनाया."

भैयालालनं सुरी तिच्या डाव्या हातात दिली. मूठ बसली. तिच्यासाठी मोठी होती, पण बसली.

"डेरी हाथ की है," तो म्हणाला आणि आपला डावा हात हलवून दाखवला. मग उजवा. "ये जेवनी. आपने डेरी हाथ का कागज दिया, मैंने डेरी हाथ की बनाई."

"मैंने सीधे हाथ का दिया था! उनकी वो उंगली कटी हुई है, सीधे हाथ की. उंगली देख के तो बनाया मैंने."

भैयालालनं जुडग्यातून तिचा कागद काढला आणि तिच्यासमोर ऐरणीवर पसरला. नखं तिनंच काढलेली. म्हणजे हात पालथा. अंगठा कागदावर उजवीकडे. रत्नमालानं आपला डावा हात कागदावर ठेवला. अंगठा अंगठ्यावर आला. उजवा ठेवला. अंगठा करंगळीवर.

तिला त्या माणसाचा भयंकर राग आला. तिनं मारलेली ती रेघ, नख नसलेल्या आखूड बोटाची, तिथंच होती. डाव्या हातावर.

"तो दूसरी तो सीधे हाथ की बनाओ," ती शेवटी म्हणाली. "शिकार वाली. नया कागज मैं नहीं लानेवाली, मेरे पास एक यही काम नहीं है."

"नए की जरूरत नहीं." भैयालालनं कागद उचलला, दारातल्या उजेडाकडे धरला आणि उलटा केला. मागून रेघा दिसत होत्या. त्यानं खडूचा तुकडा घेऊन मागच्या बाजूनं त्याच रेघा गिरवल्या. "लो. वही हाथ है. उस तरफ से."

५

रात्रीच्या जेवणाला तिनं पाहिलं. अच्युत चमचा डाव्या हातात धरून वरणभात खात होता आणि चमच्यावरचं पहिलं बोट आखूड होतं. उजवा हात मांडीवर होता. त्याची पाचही बोटं शाबूत होती.

"तुमचं बोट," ती म्हणाली.

"काय झालं बोटाले?"

"चेनमधी गेलं ते. हेच ना?"

"हेच. अजून कोन्तं?" तो तिच्याकडे बघत राहिला. "कावून विचारून राहिली?"

"काही नाई. असंच."

रत्नमालाला भीती वाटली नाही. खरं तर तिला स्वतःचाच संताप आला. एकोणतीस वर्षं एका माणसाबरोबर काढायची आणि त्याचं कोणत्या हाताचं बोट तुटलेलं आहे हे छातीठोक सांगता येऊ नये? तिनं सकाळी गोंदियाला नणंदेला फोन लावला.

"वहिनी, मी तवा तीन वर्साची होती," रुक्मा म्हणाली. "बोट गेलं हे मालूम हाये. कोन्तं गेलं, हे दादालेच विचारा ना. बाजूले तर बसला असन."

मग तिनं खोक्यातून लग्नाचा अल्बम काढला. मंगळसूत्र बांधतानाचा फोटो. अच्युतचे दोन्ही हात तिच्या गळ्याशी, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट आखूड. निगेटिव्ह उलटी धुतली असेल, तिनं स्वतःला सांगितलं, तेव्हाचे स्टुडिओवाले काय, काहीही करायचे. पण मागे मंडपावर थर्मोकोलची अक्षरं होती. शुभ विवाह. सरळ, वाचता येण्यासारखी.

त्याच फोटोत त्याच्या उजव्या गालावर तीळ होता. तिला आठवलं, गेल्या आठवड्यात दाढी करताना त्यानं डाव्या गालावर रेझर जपून फिरवला होता.

दुपारी ती टिकली लावायला मोबाईल घेऊन खिडकीत बसली. कॅमेरा स्वतःकडे वळवला. मागे खाटेवर अच्युत दोऱ्याचा गुंता सोडवत होता. स्क्रीनवर तिचा चेहरा, आणि तिच्या खांद्यावरून तो. आणि तिला एकदम हलकं वाटलं, बाहेरगावी खूप दिवस राहून घरी आल्यावर वाटतं तसं. स्क्रीनवर तो बरोबर होता. तीळ हवा तिथं होता. भांग हवा तिकडे होता. आखूड बोट उजवं होतं. तिनं पटकन फोटो काढला आणि उघडून बघितला, तर फोटोत सगळं पुन्हा उलट. तिनं मितालीला फोन लावला.

"मम्मी, सेल्फी कॅमेरा आरशासारखा दिसतो. सेव्ह झाल्यावर सीधा होतो. सेटिंग है उसकी."

"सरळ कोन्तं मग? आधीचं का नंतरचं?"

"नंतरचं, यार. नंतरचं खरं असतं."

रत्नमालानं मान वर केली. दोरा सोडवायचं थांबवून अच्युत तिच्या हातातल्या मोबाईलकडे बघत होता.

"ठेव तो," तो म्हणाला. आवाज मऊ होता. "कितीक वेळ पाह्यशीन सोताले."

६

एकतीस तारखेला निरोपसमारंभ झाला. हार, शाल, गणपतीची मूर्ती, भाषणं. संध्याकाळी सहाच्या सुमारास दोघं घरी आले. मिताली व्हिडिओवर होती, फोन खोक्याला टेकवून ठेवलेला. रत्नमालानं लाल कापडात गुंडाळलेल्या दोन्ही सुऱ्या टेबलावर ठेवल्या. दुसरी तिनं सकाळीच रसमड़ाहून आणली होती. भैयालालनं पैसे घेतले आणि म्हणाला होता, "बाई, बुरा मत मानना. ये जोड़ी एक आदमी की नहीं है. दो की है." तिनं त्याला दोन शब्द सुनावले होते.

"पप्पा, खोला ना!"

अच्युतनं कापड उलगडलं. मासोळीची सुरी त्यानं डाव्या हातात घेतली आणि मुठीनं त्याचा हात असा धरला की रत्नमालाला ती त्याच्या तळहातातून उगवल्यासारखी वाटली. आखूड बोट आखूड खाचेत. त्यानं पातं लगेच पालथं केलं, चकचकीत बाजू खाली.

"एक नंबर बनवली," तो म्हणाला. "चमक जास्त झाली. घासून काढीन मी."

"और दूसरी?" मितालीनं विचारलं.

दुसरीला त्यानं हात लावला नाही. रुंद पात्याची, उजव्या हाताची. कापडाचं टोक धरून त्यानं ते तिच्यावर पुन्हा ओढलं.

"याची काय गरज होती? वापस करून टाक."

"वापस कोन घेईन? मापाची बनवून घेतली ना," रत्नमाला तडकून म्हणाली. तिनं कापड बाजूला केलं आणि सुरी उचलली.

पातं तीन बोटं रुंद होतं. त्यात खोलीची एक फाक दिसत होती. ट्यूबलाईट, खोक्याची कड, आणि टेबलापलीकडे बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याची पट्टी, कपाळापासून ओठांपर्यंत. तीळ उजव्या गालावर. केस कपाळाला चिकटलेले, ओले. पाणी भुवयांवरून डोळ्यांत उतरत होतं आणि डोळे मिटत नव्हते. तोंड उघडं होतं. ते काहीतरी म्हणत होतं, तेच तेच, आणि ते काय हे तिला कळलं, कारण तिच्या नावाची चार अक्षरं म्हणताना ओठ कसे हलतात हे तिनं आयुष्यभर पाहिलेलं होतं.

तिनं वर बघितलं. टेबलापलीकडे अच्युत तोंड मिटून बसला होता. केस कोरडे. गळ्यात झेंडूचा हार.

"मम्मी? हँग झाला का फोन? मम्मी हलत नाहीये."

"वापस करून टाक," अच्युत पुन्हा म्हणाला.

७

परत करायला म्हणून रविवारी तिनं ती उजव्या हाताची सुरी पर्समध्ये घातली. अच्युत नदीवर चाललाच होता, वाटेत रसमड़ा लागतं, टाकू परत, असं तिनं स्वतःशी ठरवलं. मी पण येते, म्हणाली. त्यानं स्कूटर काढली. भैयालालच्या शेडला कुलूप होतं. रविवार हे तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं, आणि तेवढ्यावरून ती रस्त्यात इतकी चिडली की अच्युतनं स्कूटरचा वेग कमी केला.

नदीवर ऊन चांगलं होतं. नोव्हेंबरचं पाणी निवळलेलं, डोहात मात्र काळं. अच्युत गरी टाकून उंच काठावर, पाण्यापासून चार हात मागे बसला. पूर्वी तो त्या काळ्या दगडावर पाय पाण्यात सोडून बसायचा. आता दगडाकडे गेलाही नाही.

"हात धुऊन येते," म्हणून रत्नमाला खाली उतरली.

दगडावर बसून तिनं विचार केला. हळू, एकेक. माणूस पाण्यात पडला, घाबरला, त्याच्या डोक्यावर परिणाम झाला, म्हणून आरसे नकोत. हे होऊ शकतं. मनगट मुरगळलं, डाव्या हाताची सवय लागली. हेही होऊ शकतं. तीळ आणि बोट मी चुकीचं आठवते. आणि फोटो? फोटोपाशी तिचा विचार प्रत्येक वेळी थांबायचा, आणि आता ती थकली होती. विचार करून, खोकी भरून, त्या माणसासमोर रोज ताट ठेवून थकली होती. तिनं पर्समधून सुरी काढली. वापस करायची होती ना? करू या. मूठ पुढे करून तिनं ती पाण्यावर धरली, कुणाला देतात तशी, आणि सोडली.

डुबुक असा आवाज झाला नाही.

पाण्याच्या वरच्या थरापर्यंत एक हात आला होता. उजवा. बोटं खूप वेळ भिजल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली, पहिलं आखूड. अंगठा खळग्यात बसला, बोटं खाचांत बसली, आणि हात सुरी घेऊन खाली गेला. पाणी हललंसुद्धा नाही.

"काय पडलं?" वरून अच्युत ओरडला.

"डब्याचं झाकण," रत्नमाला म्हणाली. तिचा आवाज तिलाच शांत वाटला.

८

त्यानंतर अच्युतला मासा लागला नाही. पुढच्या रविवारी दोरा वर आला तो गळाशिवाय. तोडलेला, कुरतडलेला नव्हे, सरळ कापलेला. कासव असेल, तो म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारी दोरा अर्धाच आला. मग त्यानं जाड दोरा आणला, मग तार आणली. तारही कापली गेली. डिसेंबर लागला होता, ते रिसालीला राहायला गेले होते. नव्या घरात एकही आरसा टांगलेला नव्हता, आणि अच्युत आठवडाभर अंगणात बसून दोऱ्यांची टोकं बोटात धरून बघायचा.

"कोनतरी करून राहिलं हे," तो म्हणायचा. वैतागायची पाळी आता त्याची होती.

दर रविवारी दोरा वर यायचा तो आधीपेक्षा आखूड. रत्नमाला दर वेळी डबा भरून बरोबर जायची. घरी राहा असं त्यानं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

त्या दिवशी गरी टाकून पाच मिनिटंही झाली नव्हती. काठी हलकी झाली. अच्युतनं ती उचलली, तर टोकाला वीतभर दोरा लोंबत होता. म्हणजे पाण्याच्या वर कापला होता. तो उठला. काठी फेकली. दगडापर्यंत गेला आणि थांबला.

"वाकून पाह्यतो काय हाये ते," तो म्हणाला. "माया हात धर."

त्यानं डावा हात मागे केला. रत्नमाला उतरली आणि तिनं तो दोन्ही हातांनी धरला. गार होता, सर्द होता. तिच्या मनात आलं, मी चुकत असेन तर? एकोणतीस वर्षांचा हा माझाच माणूस असेल, आजारी, घाबरलेला, आणि माझंच डोकं फिरलेलं असेल तर? तिनं पकड घट्ट केली. त्यानं तिच्याकडे वळून पाहिलं आणि हसला. चांगलं हसू होतं. नेहमीचंच, फक्त ते दुसऱ्या कोपऱ्यातून सुरू झालं.

मग तो पाण्यावर वाकला, पाण्यात त्याचा चेहरा उमटला, आणि रत्नमालानं हात सोडले.

तो ओरडला नाही. पाणी मिटलं. काही बुडबुडे आले, थांबले. पलीकडच्या शेतात कुणाचा तरी पंप चालू होता, त्याची टकटक ऐकू येत राहिली. रत्नमाला दगडावर गुडघे टेकून बसली आणि तिनं त्याला हाक मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच नावानं.

"अच्युत!"

दगडाच्या कडेवर पाण्यातून एक हात आला. त्याच्या बाजूला दुसरा. दोन्ही हातांनी कड धरली. आला वर, तिच्या तोंडून निघालं, आणि ती पुढे सरकली. पाणी ओघळून बोटांवरचा चिखल उतरला तेव्हा तिला दिसलं. दोन्ही हातांचं पहिलं बोट आखूड होतं. एकाचे हात नव्हते ते, दोघांचे होते.

तिनं उजवा धरला आणि सगळा जीव लावून ओढला. तो येत होता, इंच इंच वर येत होता.

डावा हात दगड सोडेना.